मास्तर, तुमचा न फुटणारा आकडा

मास्तर, तुमची स्मिता माझ्यावर रागावली आहे. तुम्हाला पोचवून आलो त्याच आठवड्यात ती लिफ्टमध्ये भेटली. मी खाली बाकावर चाललो होतो. म्हणाली, "काका, रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन आहे, वंदना झाली की सगळे त्यांच्याबद्दल बोलतील. तुम्ही यायचं, आणि चार शब्द लिहून आणायचे. दवाखान्यात त्यांनी तुमच्याकडे एकच शब्द मागितला होता. तो तुम्ही दिला नाहीत. आता चार द्या."

लेक तुमचीच. बोलणं कमी आणि बरोबर वर्मावर.

तो एक शब्द कुठला, हे तिथं बसलेल्यांना कळायला पाहिजे. म्हणून सुरुवातीपासून लिहितो. शुद्धलेखनाचं काय असेल ते असो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे आणि या वयात माझं कुणी काही तपासू नये.

आपली ओळख झाली ती माझ्या बढाईवरून. मी मुलाकडे दिल्लीत द्वारकेला राहायला आलो, तेव्हा सोसायटीत कुणाशी बोलावं हेच कळत नव्हतं. सगळे आपापल्या मोबाईलशी बोलत फिरायचे. एका सकाळी बाकावर तुम्ही फोनवर म्हणत होता, "अगं, पोळी नको, भाकरीच टाक." दिल्लीत भाकरी हा शब्द ऐकला आणि मी विचारल्याशिवाय शेजारी बसलो. तुम्ही म्हणालात, "जय भीम." मी म्हणालो, "राम राम." तुम्ही नागपूरकडचे रामटेके, इथल्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवलेले. मी सोलापूरचा. गिरणीत जॉबर झालो, म्हणजे माग लावून देणारा आणि अडला तर चालू करून देणारा माणूस. पुढं पानिपतात चादरीचे आणि दऱ्यांचे हातमाग लावत म्हातारा झालो. हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "पानिपतात जाऊन धडधाकट परत आलेला मराठा मी पहिल्यांदाच बघतो."

मला राग आला होता. हसूही आलं होतं. पण मी हसलो नाही.

मग मी बढाई मारली. म्हणालो, "मास्तर, आकड्यांचं मला सांगू नका. सगळा जन्म मी आकडे फोडले. ताण्यात उभे धागे किती, त्यावर नक्षी बसते. बारा धाग्यांची नक्षी असेल तर ताणा बाराच्या पटीत पाहिजे. कुठलाही आकडा द्या, त्याचे सारखे भाग पाडून दाखवतो."

तुम्ही वाकलात, कुंडीजवळचा विटेचा तुकडा उचललात आणि फरशीवर लिहिलंत: ७३९३९१३३.

"वाचा."

मी वाचला. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस."

"शाबास. इथली पोरं एकोणचाळीस म्हटलं की तोंडाकडे बघतात. आता हा फोडा."

आपली दोस्ती, मास्तर, एवढ्याच गोष्टीवर उभी राहिली. बाकी लोक बाकावर बसून गुडघ्यांबद्दल बोलतात.

घरी आलो आणि कॅलेंडरच्या फाटलेल्या पानांमागं भागाकार मांडले. मला पाढे तिसापर्यंत येतात, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं येतं. गुरुजींनी छडीनं शिकवलेलं आहे, ते मेल्याशिवाय जायचं नाही. दोननं जात नाही, ते दिसतंच. तीन सोडून दिला, एवढी लहान नक्षी कुणी घालत नाही. पाचनं नाही. सातनं करून बघितलं आणि उठून उभा राहिलो. सकाळी बर्फीचा डबा घेऊनच खाली आलो.

"फुटला. सातनं फुटला."

तुम्ही चष्मा पुसलात, मनातल्या मनात भागलंत, आणि म्हणालात, "दोन उरतात, जॉबर."

"उरणारच. ते किनारीला."

"कुठं?"

"किनारीला हो. कापडाच्या कडेला. एक धागा डावीकडं, एक उजवीकडं. ताण्यात उरलेले धागे कुणी फेकून देतो काय?"

मास्तर, तुम्ही तेव्हा जे हसलात ते मला अजून ऐकू येतं. गेटवरचा गार्ड उठून बघायला आला की बाबूजींना काय झालं. वरून विमान चाललं होतं, त्याच्या आवाजाच्या वर तुमचा आवाज. विमान गेल्यावर डोळे पुसत म्हणालात, "गणितात किनार नसते."

मी म्हणालो, "मग तुमचं गणित कडेनं उसवत असणार."

यावर तुम्ही हसला नाहीत. डब्यातली एक बर्फी उचललीत आणि म्हणालात, "हरल्याची बर्फी गोड आहे." कोण हरलं ते सांगितलं नाहीत. मी असं धरून चाललो की तुम्ही.

हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं असं की ज्याचे सारखे भाग पडत नाहीत तो आकडा काही कामाचा नाही, त्यावर नक्षी बसत नाही. तुमचं म्हणणं असं की त्याचे भाग पडत नाहीत म्हणूनच तो मोलाचा. अशा आकड्यांना तुम्ही मूळ संख्या म्हणायचात. मी म्हणायचो, मूळ कसलं, हा तर कोडगा आकडा आहे. तीननं भागा, सातनं भागा, नऊनं भागा, एकवीसनं भागा, तेच दोन धागे पुन्हा हातात येतात. त्रेसष्टनं भागून बघितलं, पुन्हा तेच दोन. तुम्हाला दाखवलं तर म्हणालात, "सोपं आहे. ते दोन काढून ठेवा, बाकीच्याला त्रेसष्टनं भाग जातो. म्हणून त्याच्या पोटातल्या सगळ्यांनी जातो." सोपं असेल. पण ते दोघे मला हट्टी म्हाताऱ्यांसारखे वाटायचे. भोवतालचे सगळे रांगेत बसले तरी हे दोघे बाकावर.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. जन्मभर शिकलेली माणसं माझ्याशी बोलताना आवाज बदलायची. जरा हळू, जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलतात तसं. तुम्ही माझ्यासाठी काही सोपं करून सांगितलं नाहीत. मला चुकू दिलंत आणि चुकलो तर तोंडावर हसलात. कारखान्यात एका कारागिरानं दुसऱ्याशी वागावं तसे वागलात. याबद्दल आभार मानायचे असतात हे मला माहीत होतं. पण बाकावर बसून आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "विषय बदलू नका, अकरानं केलंत का?"

अकरानं चार उरतात. तेरानं आठ. सतरानं तेरा.

या आकड्याची खरी करामत तुम्ही हिवाळ्यात दाखवलीत. दुपारचं ऊन होतं, आपण शेंगा खात होतो. फरशीवर आकडा लिहिलात आणि चपलेच्या टाचेनं उजवीकडचा शेवटचा तीन पुसलात. "आता उरला तो फोडा." मी दोन दिवस खपलो, फुटला नाही. मग पुढचा तीन पुसलात. तोही फुटला नाही. मग एक, मग नऊ. शेपटीकडून एकेक गडी कमी करत जा, जो उरतो तो अखंडच राहतो. सगळ्यात शेवटी सात उरतो एकटा, आणि तोही फुटत नाही. तुम्ही म्हणालात, "असा स्वभाव असलेले आकडे थोडे आहेत, जॉबर. आणि हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा. याच्या पुढं कुठलाही आकडा लावा, तो मोडतो."

मी लावून बघितले. शेवटी एक लावला तर तीननं जातो, सात लावला तरी तीननं जातो. पाच किंवा सम लावायचा प्रश्नच नाही. तीन आणि नऊ लावले तर काय, ते माझ्या हातून झालं नाही. तुम्ही म्हणालात तेही फुटतात, पण फार मोठ्या आकड्यांनी. मी म्हणालो, मी केल्याशिवाय मानणार नाही. तुम्ही म्हणालात, नका मानू.

त्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. घरात माणसं भरलेली होती. मला वाटलं महिनाभर तुम्ही काही खाली येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आलात. पांढरा सदरा, दाढी वाढलेली. "जय भीम" म्हणालात आणि बसलात. मग वाकून विटेचा तुकडा घेतलात आणि लिहिलंत: ७३९३९१३. शेवटचा तीन लिहिलाच नाहीत.

मला सांत्वन करता येत नाही. मी खिशातून पेन्सिल काढली आणि एकोणीसनं भागायला बसलो. तुम्ही माझ्या कागदात डोकावून एकदा म्हणालात, "हातचा विसरलात." ती अख्खी सकाळ भागाकारात गेली. आकडा फुटला नाही. वर घरी जाताना तुमची पाठ सरळ होती. हा आकडा तुम्ही एवढा का धरून बसला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

मग मोबाईलचं भांडण. ते लिहिलं पाहिजे, कारण दवाखान्यातलं त्यातूनच आलं. स्मितानं एकदा बाकाशी येऊन मोबाईलमध्ये आकडा घातला आणि म्हणाली, "काका, बघा, लिहून आलंय. मूळ संख्या आहे. एका सेकंदात. झालं तुमचं भांडण."

मी म्हणालो, "मोबाईलनं केला ना? मग मोबाईलनं मानावं."

"म्हणजे तुम्ही नाही मानणार?"

"माझ्या हातानं करीन तेव्हा मानीन. दुसऱ्यानं लावलेला माग मी कधी चालवला नाही. आधी सगळे धागे स्वतः हातानं बघायचे."

ती तुमच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना."

तुम्ही मला सांगितलंत ते एवढंच, की साडेआठ हजाराच्या जरा पुढं गेलं की थांबायचं, त्यापुढं भागून बघायची गरज नाही. का, तेही समजावून सांगितलंत. मोठ्या आकड्यानं भाग जायचा असेल तर त्याचा जोडीदार लहान असणार, आणि लहान सगळे आपण आधीच बघितलेले. हे मला पटलं. तेव्हापासून मी रोज थोडं करत आलो. मूळ संख्यांनीच भागायचं, बाकीच्यांनी भागायची गरज नाही, हेही तुमचंच. स्मिता जाताना म्हणाली, "दोघंही सारखेच आहात." तिला ते वाईट अर्थानं म्हणायचं होतं.

आता दवाखाना. तुमच्या खोलीत जो येत होता तो हो म्हणत होता. डॉक्टर म्हणायचा, सब ठीक है अंकल. नर्स म्हणायची, बिल्कुल. भेटायला आलेले म्हणायचे, पुढच्या महिन्यात मेट्रोनं फिरायला जाऊ. तुम्ही सगळ्यांकडे बघून मान हलवत होता. मी आलो तर स्टूलकडे बोट केलंत. आवाज फार बारीक झाला होता.

"जॉबर, आकडा फुटत नाही. मान्य?"

स्मिता उशाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. काय उत्तर द्यायचं ते तिनं डोळ्यांनी सांगितलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

तुमच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं, तिनं बघितलं नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती. तुम्ही खूश झालात, मास्तर. त्या दिवसभरात तुम्हाला माणूस समजून कुणी भांडलं नव्हतं. म्हणालात, "कुठपर्यंत आलात?"

"सातशे तेहेतीसपर्यंत."

"मग पुढचा सातशे एकोणचाळीस. तो आपल्या आकड्याचं डोकं आहे. त्याच्याच डोक्यानं त्याला भागा. करून परवा या."

बाहेर आल्यावर स्मितानं मला गाठलं. "काका, एकदा हो म्हटलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?" लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो. मेट्रोत बसायला जागा मिळाली. गुडघ्यावर कागद ठेवला आणि द्वारका यायच्या आत भागाकार संपवला. दोनदा केला. परवा यायला सांगितलं होतं तुम्ही. परवापर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

सातशे पाच उरतात, मास्तर. तेवढं सांगायचं राहिलं.

स्मिता, तुझ्या प्रश्नाचं उत्तरही इथंच देतो. मी हो म्हटलं असतं तर माझं काही गेलं नसतं, तुझ्या बाबांचं गेलं असतं. त्यांना त्याच क्षणी कळलं असतं की जॉबरसुद्धा आता आपल्याला आजारी म्हणून वागवायला लागला. तो 'नाही' मी पुन्हा म्हणीन.

पण ते सातशे एकोणचाळीस माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही मला कितीदा चिडवलं होतं, "जॉबर, सातशे एकोणचाळीस धाग्यांचं एक कापड विणून दाखवा." मी म्हणायचो, असला ताणा कुठलाही जॉबर लावणार नाही, लोक हसतील. अठराची नक्षी घातली तर एक्केचाळीस वेळा बसते आणि एक धागा उरतो. दोन उरले तर दोन्ही कडांना जातात. एकाचं काय करायचं? एका कडेला घातला तर दुसरी कड रुसते.

गुरुवारी मुलाला न सांगता पानिपतला गेलो. सांगितलं असतं तर सोडलं नसतं. सतबीरच्या शेडमध्ये अजून दोन हातमाग आहेत, बाकी सगळं मशीन झालं. त्याच्या बापाचे माग मी लावले होते, म्हणून तो मला ताऊ, म्हणजे थोरला काका म्हणतो. म्हणालो, एक लहान ताणा लावायचा आहे, पांढरं सूत, सातशे एकोणचाळीस धागे.

"ताऊ, सात सौ चालीस कर देता हूँ। एक धागे में के रख्या सै?"

"एकातच सगळं आहे, बाबा. एक जास्त नको, एक कमी नको."

"और किनारी?"

"किनार नको."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ताऊचं डोकं गेलं. "बिना किनारी तो कपड़ा उधड़ जाएगा। तुमनेइ सिखाया था मेरे बाप को।" मी म्हणालो, शिकवलं होतं, बरोबर शिकवलं होतं, पण हे कापड एका मास्तरचं आहे आणि त्याच्या गणितात किनार नसते.

माझे हात आता थरथरतात, म्हणून मागाच्या फणीत धागे सतबीरनं ओढले. मोजले मात्र मी, दोनदा. आणि मोजता मोजता त्या एका उरलेल्या धाग्याचं काय करायचं ते मला सुचलं. म्हणालो, हा कडेला नाही, मधोमध घाल. पांढरा नको, निळा घाल. तीनशे एकोणसत्तर डावीकडं, तीनशे एकोणसत्तर उजवीकडं, मध्ये हा एकटा. आडवा धागा नेणारा धोटा पहिल्यांदा मी टाकला. साधी वीण, एक वर एक खाली. धागे विषम असल्यामुळं दोन्ही कडांचे धागे एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते. सम ताण्यात असं होत नाही, एक कड वर असली की दुसरी खाली असते. इतकी वर्षं माग लावले, हे मी कधी नीट बघितलं नव्हतं.

कापड झालं. कड थोडी सैल आहे. तो माझा दोष नाही, तुमच्या गणिताचा आहे. मी आधीच सांगितलं होतं.

आज रविवार, सकाळी लवकर तुमच्या घरी आलो. टेबलावर तुमचा फोटो ठेवायचा होता. स्मितानं कापड हातात घेतलं, बोटानं त्या निळ्या धाग्यावरून वरपासून खालपर्यंत गेली. "काका, हा मध्येच एक?"

"मोज किती धागे आहेत ते."

तिनं मोजले नाहीत. ती तुमची मुलगी आहे, तिला कळलं. "सातशे एकोणचाळीस?"

"हो."

मग तिनं निळ्या धाग्यावर कापडाची घडी घातली. कडेला कड लागली, धाग्यावर धागा. तशीच घडी छातीशी धरून उभी राहिली. पुन्हा उलगडून टेबलावर पसरलं आणि वर तुमचा फोटो ठेवला. त्रिशरण सुरू व्हायला वेळ होता. माझ्यासाठी खुर्ची आणली आणि म्हणाली, "काका, चहा घेणार? साखर कमी, माहीत आहे." त्याच खुर्चीत बसून हे शेवटचं लिहितोय.

तर मास्तर, तो शब्द. साडेआठ हजारापर्यंत जायला मला अजून फार आहे, आणि माझं वय तुम्हाला माहीत आहे. पोचेन असं वाटत नाही. जन्मात कुणाच्या शब्दावर माग चालू केला नाही, तुमच्या शब्दावर करतो. आकडा फुटत नाही. मान्य.

पण दुमडतो. हे तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, कुठलाही विषम आकडा असाच दुमडतो. म्हणा की. मी उद्यापासून पुन्हा बाकावर आहे, सातशे त्रेचाळीसनं भागत.